खुर्ची मुख्याध्यापकांची, प्रश्न पालकांचे

ऑगस्ट २०२४ च्या दुसऱ्या आठवड्यात बदलापूरच्या एका शाळेत, मुलींच्या स्वच्छतागृहात, दोन चिमुरड्यांवर अत्याचार झाले. हे प्रकरण बाहेर आले कसे, ते पुन्हा एकदा क्रमाने आठवायला हवे. एका मुलीने घरी दुखत असल्याचे सांगितले. घरच्यांच्या मनात पाल चुकचुकली. त्यांनी त्याच वर्गातल्या दुसऱ्या मुलीच्या घरी विचारले, तर तीही शाळेत जायला घाबरत होती. दोन घरे एकमेकांशी बोलली, मुलींना डॉक्टरांकडे नेले आणि शाळेच्या एकाही यंत्रणेला न दिसलेली गोष्ट समोर आली. १६ ऑगस्टला पालक पोलीस ठाण्यात गेले. गुन्हा नोंदवून घ्यायला तिथे तासन् तास लागले. २० ऑगस्टला शाळेच्या फाटकाशी लोक जमले आणि बघता बघता बदलापूर स्थानकात रेल्वे रोखली गेली, ती दिवसभर. दगडफेक झाली, लाठीमार झाला. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि शाळाच सुरक्षित नसेल तर शिक्षणाच्या हक्काला अर्थ काय, असा सवाल केला.

या घटनाक्रमाच्या बातम्या आज सलग वाचल्या की त्यात घरची माणसे दिसतात, पोलीस दिसतात, राजकीय कार्यकर्ते, जमाव, न्यायालय, मंत्री, सगळे दिसतात. पालक आणि शाळा यांच्यातला दुवा म्हणून जी संस्था आपण वर्षानुवर्षे चालवतो, तो पालक-शिक्षक संघ मात्र निर्णायक जागी कुठेच दिसत नाही. ज्या वेळी त्याची सर्वांत जास्त गरज होती, त्या वेळी तो कुणाला आठवलाही नाही.

हा दोष एका शाळेचा म्हणून सोडून देता येत नाही. जुलै २०२५ मध्ये शहापूरच्या एका शाळेत स्वच्छतागृहात रक्ताचे डाग दिसले म्हणून मुलींचे कपडे उतरवून तपासणी केली गेली. तिथेही दुसऱ्या दिवशी पालक आले ते जमाव म्हणून, संघ म्हणून नव्हे. एरवी वर्षभर सभांना बसणारे पालक संकटाच्या वेळी एकटे तरी पडतात किंवा रस्त्यावर तरी उतरतात. मधली वाट त्यांना का सापडत नाही, याचे उत्तर शोधायला निघाले की ते पालकांच्या स्वभावात कमी आणि संघाच्या रचनेत जास्त सापडते.

कायदा फीचा, संघ फीपुरता

महाराष्ट्रातल्या खासगी शाळांना पालक-शिक्षक संघ स्थापन करणे कायद्याने बंधनकारक आहे. ज्या कायद्याने हे बंधन घातले त्याच्या नावातच पुष्कळ काही आले: महाराष्ट्र शैक्षणिक संस्था (शुल्क विनियमन) अधिनियम, २०११. शाळेत मूल असलेला प्रत्येक पालक या संघाचा सदस्य. नवे वर्ष सुरू झाल्यावर तीस दिवसांत संघ स्थापन व्हायचा आणि त्याची कार्यकारी समिती इच्छुक पालकांमधून सोडत काढून निवडायची. सोडतीमागचा हेतू चांगला होता. व्यवस्थापनाच्या मर्जीतले दोनचार पालक दरवर्षी समितीवर बसतात आणि फीवाढीला माना डोलावतात, ही तक्रार जुनी होती. चिठ्ठी टाकली की मर्जीचा प्रश्न मिटतो, असा हिशेब.

पण समितीची मांडणी पाहा. अध्यक्ष मुख्याध्यापक. उपाध्यक्ष पालक. सचिव शिक्षक. सहसचिव पालक. मग प्रत्येक इयत्तेचा एक पालक आणि एक शिक्षक. म्हणजे सभेची विषयपत्रिका काढणार शाळेचा माणूस, सभा चालवणार शाळेचा माणूस आणि सभेत काय झाले ते इतिवृत्तात लिहिणारही शाळेचाच माणूस. त्यात समितीची मुदत एका शैक्षणिक वर्षाची. पालक सदस्याला कुठले रजिस्टर कुणाकडे असते हे कळेपर्यंत दिवाळी येते आणि त्याने काही मागायला सुरुवात करेपर्यंत वार्षिक परीक्षा.

फीच्या बाबतीत या समितीच्या हाती निदान एक गोष्ट आहे. शाळेला फीचा प्रस्ताव तिच्यापुढे ठेवावा लागतो आणि तिची मंजुरी घ्यावी लागते. तिथेही नंतरच्या दुरुस्तीने वाट अरुंद केली. फीविरुद्ध दाद मागायची तर किमान २५ टक्के पालकांनी एकत्र यावे लागते. सुरक्षेच्या बाबतीत एवढेही नाही. शाळेने स्वच्छतागृहाबाहेर महिला कर्मचारी नेमली नाही, कंत्राटी कामगारांची पोलीस पडताळणी केली नाही, जिन्यातला दरवाजा कुलूप लावून बंद ठेवला, म्हणून संघ काही अडवू शकतो का? नाही. तो विचारू शकतो. आणि विचारायचे कुणाला, तर अध्यक्षांना, म्हणजे ज्यांनी उत्तर द्यायचे त्यांनाच. तक्रार ज्याच्या कारभाराविरुद्ध, त्याच्याच अध्यक्षतेखाली तिची सुनावणी. असली रचना गृहनिर्माण सोसायटीतही कुणी चालवून घेणार नाही.

आयत्या वेळचे विषय

पालक सभेला ज्यांनी कधी हजेरी लावली आहे त्यांना तिचा साचा पाठ असतो. शनिवारची सकाळ, चौथीच्या बाकांवर गुडघे आखडून बसलेली मोठी माणसे, फळ्यावर रंगीत खडूने ‘सुस्वागतम्’. मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. स्नेहसंमेलन, सहल, गणवेश, निकाल, शंभर टक्के उपस्थितीचे आवाहन. मोबाइलचे दुष्परिणाम यावर पंधरा मिनिटे. आणि शेवटी, चहा येऊन ठेपल्यावर, अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय.

सुरक्षेचा प्रश्न बहुतेक वेळा इथेच येतो. कुणी आई उठते आणि मुलींच्या स्वच्छतागृहाची कडी तुटली आहे म्हणते. कुणी वडील फाटकावरच्या वाहनांच्या गर्दीबद्दल बोलतात. ‘नोंद घेतली आहे’, ‘व्यवस्थापनाच्या कानावर घालू’ अशी उत्तरे मिळतात आणि ती खोटी असतात असेही नाही. मुख्याध्यापक खरोखरच कानावर घालतात. पण पुढच्या सभेत मागच्या इतिवृत्तात तो प्रश्न ‘विविध विषयांवर सविस्तर चर्चा झाली’ या एका ओळीत विरघळून गेलेला असतो. लिहिले गेले नाही, म्हणून कुणी विचारत नाही. आणि विचारले नाही, म्हणून उद्या काही घडले तर शाळेला आधीच कळवले होते हे सिद्ध करण्याची सोय नाही.

पालक इतक्यावर का थांबतात? कारण त्यांचे मूल दररोज सहा तास त्याच इमारतीत असते. जास्त बोललो तर राग मुलावर निघेल, ही धास्ती प्रत्येक पालकाच्या मनात असते. ती खरी ठरो वा न ठरो. दहावीचे अंतर्गत गुण शाळेच्या हातात. धाकट्याचा प्रवेश व्हायचा आहे. आणि खासगी शाळांमधले ते ठेवणीतले वाक्य कुणी ना कुणी ऐकलेले असतेच: पटत नसेल तर दाखला घेऊन जा. शिक्षणहक्काच्या २५ टक्के राखीव जागांवर मूल शिकत असेल तर त्या आईबापांना एवढे ऐकण्याचीही गरज पडत नाही. ते पहिल्या दिवसापासून मागच्या बाकावर बसतात.

गेल्या काही वर्षांत सभेची जागा बऱ्याच अंशी व्हॉट्सॲपने घेतली. अधिकृत गटात फक्त ॲडमिन लिहू शकतो आणि ॲडमिन वर्गशिक्षिका. मग पालक स्वतःचा वेगळा गट काढतात. तिथे बोलणे मोकळे असते, पण त्या बोलण्याला तारीख-क्रमांक नसतो, जबाबदारी नसते आणि अफवेला अटकाव नसतो. मुले पळवणाऱ्या टोळीच्या चित्रफिती तिथे मिनिटात फिरतात, मात्र शाळेच्या इमारतीचे अग्निसुरक्षा प्रमाणपत्र चालू वर्षाचे आहे का, हा प्रश्न त्या गटातून क्वचितच बाहेर पडतो.

समित्यांचा सुकाळ

शासनाने काहीच केले नाही, असे म्हणता येणार नाही. उलट समित्या एवढ्या झाल्या की कुठली कशासाठी हे शाळांनाच सांगता येईना. २०१७ च्या परिपत्रकाने तक्रारपेटी आली. १० मार्च २०२२ च्या निर्णयाने मुलांच्या सुरक्षेसाठी सखी सावित्री समिती आली. शाळा, केंद्र आणि तालुका अशा तिन्ही पातळ्यांवर ती असावी असे ठरले. बदलापूरनंतर २१ ऑगस्ट २०२४ रोजी पुन्हा शासन निर्णय निघाला. सीसीटीव्ही एका महिन्यात बसवा, मुख्याध्यापकांनी आठवड्यातून किमान तीनदा चित्रीकरण तपासावे, कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी व्हावी, सहावीपर्यंतच्या मुलांसाठी शक्यतो महिला कर्मचारी नेमाव्यात, अनुचित प्रकार घडला तर २४ तासांत शिक्षणाधिकाऱ्यांना कळवावे. यातल्या कित्येक सूचना जुन्याच होत्या आणि त्या पुन्हा द्याव्या लागल्या यातच आधीच्या सूचनांचे काय झाले ते कळते. उच्च न्यायालयाने निवृत्त न्यायमूर्ती साधना जाधव आणि शालिनी फणसळकर-जोशी यांच्या नेतृत्वाखाली समिती नेमली. तिच्या शिफारशींनंतर २०२५ मध्ये शासनाने आणखी सूचना काढल्या. त्याच वर्षी समित्यांचे उदंड पीक बघून शाळास्तरावरच्या अनेक समित्यांचे एकत्रीकरण करण्याचा निर्णयही झाला.

कॅमेऱ्याचे उदाहरण बोलके आहे. बदलापूरच्या शाळेत कॅमेरे नव्हते असे नाही. त्या पंधरा दिवसांचे चित्रीकरण मिळत नसल्याचे तेव्हाचे शालेय शिक्षणमंत्री दीपक केसरकर यांनी सांगितले होते. यंत्र भिंतीवर असते, पण ते कोण बघतो, किती दिवस जपतो आणि नसल्यास जाब कोण विचारतो, हे माणसांचे प्रश्न आहेत. तो जाब विचारण्याची जागा पालकांच्या संघाची होती. पण कुठल्याही निर्णयात त्याला तो अधिकार स्पष्ट शब्दांत दिलेला नाही.

एक गोष्ट मात्र पालक सदस्यांना क्वचितच सांगितली जाते. मुलांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणाऱ्या २०१२ च्या कायद्याचे, म्हणजे पोक्सोचे, कलम १९ सांगते की असा गुन्हा घडल्याचे ज्याला कळले, त्या कोणत्याही व्यक्तीने पोलिसांना कळवले पाहिजे. न कळवणे हाही गुन्हा. कलम २१ प्रमाणे त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते आणि संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर वर्षापर्यंत. ‘कोणतीही व्यक्ती’ यात संघाचा उपाध्यक्षही येतो. प्रकरण शाळेच्या पातळीवर मिटवू, शाळेचे नाव खराब होईल, मुलीचेही होईल, असे सांगत जो मध्यस्थी करतो तो पालक असला तरी कायद्याच्या नजरेत सुटत नाही. बदलापूर प्रकरणात संस्थेच्या अध्यक्षांना आणि सचिवांना ऑक्टोबर २०२४ मध्ये अटक झाली ती न कळवल्याच्या याच आरोपाखाली. मुख्य आरोपी त्याआधीच, २३ सप्टेंबरला, पोलिसांच्या गोळीने मारला गेला होता. त्याच्यावरचा खटला उभा राहण्याआधीच संपला आणि शाळेत नेमके काय चुकत गेले याच्या साक्षीपुराव्याची एक मोठी वाटही बंद झाली.

जिल्हा परिषदेच्या शाळेत पालक अध्यक्ष असतो, तरीही

खासगी शाळेत खुर्ची मुख्याध्यापकांची, हे अडचणीचे मूळ मानले तर सरकारी शाळेत ते नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम २१ प्रमाणे तिथे शाळा व्यवस्थापन समिती असते. तिचे किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक, निम्म्या महिला. महाराष्ट्रात अध्यक्ष पालकांमधला, मुख्याध्यापक सचिव. शाळेच्या कारभारावर देखरेख, विकास आराखडा, अनुदानाचा विनियोग, हे सगळे तिच्या कामात कायद्याने लिहिले आहे. विनाअनुदानित खासगी शाळांना मात्र हे कलम लागू नाही. अनुदानित शाळांतही समितीचे काम पुढे सल्ल्यापुरते करण्यात आले. म्हणजे जिथे पालक फी भरतात तिथे त्यांना अधिकार कमी, जिथे भरत नाहीत तिथे कागदावर जास्त.

कागदावर, असे म्हणायचे कारण निंबोडी. अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर तालुक्यातल्या या गावात २८ ऑगस्ट २०१७ रोजी जिल्हा परिषद शाळेच्या वर्गाचे छत कोसळले आणि तीन मुले गेली. अशी मोडकळीला आलेली खोली पाडायची तर तिचे निर्लेखन व्हावे लागते. समितीचा ठराव, केंद्रप्रमुख, गटशिक्षणाधिकारी, बांधकाम विभागाचा अहवाल, जिल्हा परिषदेची मंजुरी, असा कागदाचा प्रवास. तो सुरू असताना पाऊस थांबत नाही. शंभराहून कमी पटाच्या शाळेला समग्र शिक्षा या सरकारी योजनेचे संयुक्त अनुदान वर्षाला २५ हजार रुपये किंवा त्याहूनही कमी. त्यात खडू, वीजबिल, झाडू आणि किरकोळ दुरुस्ती. छत त्यात बसत नाही.

समितीवरचे पालक रोजंदारीवर जाणारे असतात. सभेला बसायचे तर दिवसाची मजुरी बुडते. म्हणून बऱ्याच ठिकाणी रजिस्टरच घरी येते आणि सही घेऊन जाते. अध्यक्ष गावातल्या कुठल्या तरी गटाचा, शिक्षक बदलीच्या यादीकडे डोळे लावून. जुलै २०२५ मध्ये राजस्थानातल्या झालावाड जिल्ह्यात पिपलोदीला शाळेचे छत पडून सात मुले दगावली, तेव्हा पुन्हा देशभर धोकादायक इमारतींच्या याद्या मागवल्या गेल्या. याद्या निंबोडीनंतरही मागवल्या होत्याच.

तरीही इथे एक फरक आहे आणि तो महत्त्वाचा. या समितीने ठराव करून ‘अमुक खोलीत मुले बसणार नाहीत’ असे लिहिले आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांकडून त्याची पोच घेतली, तर तो कागद सरकारी दप्तरात जातो आणि उद्या तो नाकारता येत नाही. अधिकार आहे, तो वापरण्याएवढा वेळ, धीर आणि माहिती नाही. खासगी शाळेच्या संघाची परिस्थिती उलटी आहे. तिथे इंजिनिअर, डॉक्टर, वकील पालक बसलेले असतात आणि त्यांच्या हाती सही करण्यापलीकडे काही नसते.

रिक्षाकाकांचा प्रश्न

सुरक्षेची सगळी जबाबदारी शाळेवर ढकलली की चर्चा सोपी होते. ती सोपी नाही हे बघायचे तर सकाळी सात वाजता कुठल्याही शाळेच्या फाटकाशी उभे राहावे. तीन आसनी रिक्षात दहा मुले, दप्तरे बाहेर टांगलेली, एक मूल काकांच्या शेजारी अर्ध्या सीटवर. ही रिक्षा शाळेने ठरवलेली नसते. ती पालकांनी ठरवलेली असते, कारण शाळेची बस परवडत नाही किंवा गल्लीत येत नाही.

महाराष्ट्राने २०११ मध्ये शालेय बससाठी खास नियम केले. प्रत्येक शाळेत परिवहन समिती असावी, मुख्याध्यापक तिचे प्रमुख आणि पालक-शिक्षक संघाचा प्रतिनिधी, पोलीस, परिवहन खात्याचा अधिकारी असे सदस्य. पालकांच्या संघाला सुरक्षेच्या कामात नाव घेऊन बसवलेली ही जागा. पण अशा समितीत बसणारा पालक जेव्हा कोंबून भरलेल्या रिक्षांचा विषय काढतो तेव्हा त्याला पहिला विरोध मुख्याध्यापकांकडून होत नाही. तो इतर पालकांकडून होतो. महिन्याला पाचशे रुपये जास्त कोण देणार? आमचे काका चांगले आहेत, वीस वर्षे मुले नेतात. शाळा म्हणते, बाहेरच्या वाहनाशी आमचा संबंध नाही. पालक म्हणतात, तुमच्या फाटकासमोरच थांबतात ना. आणि वाहतूक पोलिसांची मोहीम निघाली की आठवडाभर सगळे नियमात, मग पुन्हा पहिल्यासारखे.

मुख्याध्यापकांची बाजूही ऐकली पाहिजे. पालक एकजिनसी नसतात. कुणाला कॅमेरा प्रत्येक वर्गात हवा, कुणाला तो मुलांवरची पाळत वाटते. सभेला येणाऱ्यांची संख्या पटाच्या मानाने थोडी. काहींना संघात यायचे असते ते गणवेशाच्या कंत्राटासाठी किंवा नातेवाइकाच्या प्रवेशासाठी. आणि एखादी घटना घडली की शिपायाला चोप द्यायला सगळे पुढे. पण त्याच शिपायाची नेमणूक झाली तेव्हा पडताळणीचा कागद कुणी पाहिला का, तर नाही. ही तक्रार खोटी नाही. पण संघाला अधिकार द्यायचे नाहीत आणि मग पालक बेजबाबदार आहेत म्हणायचे, हेही बरोबर नाही.

केरळचा धडा

पालक-शिक्षक संघाला खरी ताकद मिळाली तर काय होते, हे पाहायला केरळकडे बघावे. तिथल्या सरकारी शाळांमध्ये संघ प्रबळ, निवडणुका चुरशीच्या, वर्गणी आणि इमारतीच्या कामात पुढाकार. २० नोव्हेंबर २०१९ रोजी वायनाड जिल्ह्यातल्या सुलतान बत्तेरीच्या सरकारी शाळेत पाचवीतल्या मुलीला वर्गातच साप चावला. वर्गात बीळ होते. तिला दवाखान्यात न्यायला उशीर झाला आणि ती गेली. शिक्षकांनी वेळ घालवला हे जगाला सांगितले ते तिच्या वर्गमित्रांनी, कॅमेऱ्यासमोर. त्यानंतर शिक्षक आणि प्रमुख निलंबित झाले आणि शिक्षण खात्याने शाळेचा पालक-शिक्षक संघही बरखास्त केला.

हे विशेष आहे. संघाला अधिकार होता, म्हणून त्याला जबाबदारही धरले गेले. आणि जबाबदार का धरले गेले, तर वर्गातले बीळ रोज मुलांना दिसत होते, मोठ्यांच्या सभेला दिसले नाही. म्हणजे केवळ ताकद पुरत नाही. शाळेशी घरोबा फार वाढला, तिच्या इमारतीसाठी आपणच पैसे जमवले, की तिच्या भिंतीतली भोके दाखवणे जड जाते. शाळेचा अभिमान आणि शाळेची तपासणी ही दोन कामे एकाच मंडळाकडून होत नाहीत.

घडून गेल्यावर उभ्या राहिलेल्या संघटना

जगभर एक गोष्ट सारखी दिसते. मुलांच्या सुरक्षेसाठी जे पालक शेवटपर्यंत लढले, ते शाळेच्या संघातून लढले नाहीत. हरियाणातल्या डबवालीत २३ डिसेंबर १९९५ रोजी शाळेच्या वार्षिक कार्यक्रमाच्या मांडवाला आग लागली आणि ४४२ माणसे गेली, त्यात बहुतेक मुले. नुकसानभरपाई आणि जबाबदारी यांसाठी आगपीडितांनी स्वतःची संघटना केली आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढा नेला. तो २०१३ मध्ये संपला. तमिळनाडूतल्या कुंभकोणमला १६ जुलै २००४ रोजी शाळेच्या आगीत ९४ मुले गेली. त्या आगीनंतर अविनाश मेहरोत्रा यांनी केलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये सांगितले की सुरक्षित शाळा हा शिक्षणाच्या मूलभूत हक्काचाच भाग आहे. गुरुग्रामच्या शाळेत सप्टेंबर २०१७ मध्ये सात वर्षांच्या मुलाचा खून झाला. त्याचे वडील सर्वोच्च न्यायालयात गेले, त्यातून केंद्राने २०२१ मध्ये शाळांच्या व्यवस्थापनाची जबाबदारी ठरवणारी मार्गदर्शक तत्त्वे काढली.

ज्या अमेरिकेत या प्रकारच्या संघाचा जन्म झाला तिथेही वेगळे नाही. १८९७ मध्ये वॉशिंग्टनला अ‍ॅलिस बर्नी आणि फिबी हर्स्ट या दोघींनी ती चळवळ सुरू केली तेव्हा ती मातांची परिषद होती. पुढे नावात शिक्षकही आले, संघ शाळेच्या अधिक जवळ गेला आणि निधी जमवणे हे त्याचे गावोगावचे मोठे काम होऊन बसले. सँडी हुकच्या शाळेत २०१२ मध्ये वीस मुले आणि सहा मोठी माणसे गोळीबारात मारली गेली. त्यानंतर काही पालकांनी ‘सँडी हुक प्रॉमिस’ ही नवी संस्था काढली.

या सगळ्यांतले दुःख असे की बहुतेक वेळा ज्यांचे मूल गेले त्यांनाच इतरांच्या मुलांसाठी लढावे लागले. त्यांना गमावण्यासारखे काही उरले नव्हते. दाखल्याची धमकी त्यांना लागू नव्हती. ज्यांची मुले शाळेत आहेत त्यांना बोलता यावे, अशी व्यवस्था आपण कुठेच केली नाही.

काय करता येईल

कायद्यात एक बदल हवा आणि तो अवघड नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत पालक अध्यक्ष आणि मुख्याध्यापक सचिव, ही रचना पंधरा वर्षे चालू आहे आणि त्याने शाळांचा कारभार अडला नाही. तीच रचना खासगी शाळांत, निदान सुरक्षेपुरती, लागू करावी. सुरक्षेच्या प्रश्नाला ठरावीक दिवसांत लेखी उत्तर देणे बंधनकारक असावे आणि उत्तर न मिळाल्यास तो प्रश्न आपोआप शिक्षणाधिकाऱ्यांकडे जावा. समितीच्या पालक सदस्याची मुदत एक वर्ष नव्हे, दोन वर्षे असावी. आणि सदस्याच्या मुलावर सूड उगवला गेला तर तक्रार कुठे करायची, ते नियमातच लिहिलेले असावे.

तोवर पालकांच्या हातात जे आहे तेही थोडे नाही. सभेच्या आठवडाभर आधी प्रश्न लिहून द्यावा, कार्यालयात आवक क्रमांक टाकून पोच घ्यावी. प्रश्न एकट्याच्या सहीने न देता वर्गातल्या दहा पालकांच्या सहीने द्यावा. दहा मुलांवर राग काढता येत नाही. विचारायचे ते ठोस विचारावे. कंत्राटी कर्मचारी कोणत्या एजन्सीचे आणि त्यांची पोलीस पडताळणी कधी झाली? स्वच्छतागृहांकडे मधल्या सुट्टीत कोण असते? सीसीटीव्हीचे चित्रीकरण किती दिवस जपले जाते आणि ते शेवटचे कुणी तपासले? अग्निसुरक्षेच्या कायद्याप्रमाणे दर जानेवारी आणि जुलैत द्यायचे ‘फॉर्म बी’ प्रमाणपत्र दिले का? इमारतीची संरचनात्मक तपासणी कोणत्या वर्षी झाली? तक्रारपेटी कोण उघडते आणि कुणासमोर? इतिवृत्ताची प्रत मागावी आणि आपला प्रश्न त्यात शब्दशः नसेल तर तसे लेखी कळवावे. अनुदानित आणि जिल्हा परिषद शाळांत माहितीचा अधिकार वापरता येतो. दाद लागत नसेल तर शिक्षणाधिकारी आहेत, राज्य बालहक्क संरक्षण आयोग आहे.

आणि जिथे मुलाच्या अंगाला हात लागल्याची शंका आहे, तिथे संघ, सभा, मुख्याध्यापक, यांपैकी कुणाचीही वाट पाहू नये. त्याच वर्गातल्या दुसऱ्या मुलाच्या घरी विचारावे, डॉक्टरांकडे जावे, १०९८ किंवा ११२ वर फोन करावा आणि पोलीस ठाण्यात तक्रार द्यावी. बदलापूरच्या त्या दोन घरांनी हेच केले होते.

पालक-शिक्षक संघ पालकांची बाजू मांडतो का, या प्रश्नाचे आजच्या रचनेत प्रामाणिक उत्तर ‘नाही’ असेच आहे. तो शाळेचे निरोप पालकांपर्यंत पोचवतो आणि पालकांचा राग शाळेपर्यंत पोचण्याआधी निववतो. त्याला पालकांचा संघ करायचे असेल तर शासनाने अध्यक्षाची खुर्ची बदलावी. ती बदलेपर्यंत प्रत्येक पालकाने आपला प्रश्न कागदावर लिहावा, खाली सही करावी आणि पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून बाहेर पडू नये.